डॉक्टर रुडॉल्फ फिरखो

मनुष्याच्या शरीरात रक्त अहोरात्र वाहत असते. हृदय ते पुढे लोटते, रोहिण्या ते निरनिराळ्या अवयवांपर्यंत पोहोचवितात आणि नीला ते पुन्हा हृदयाकडे आणतात. बोट कापले म्हणजे हेच रक्त जखमेच्या तोंडाशी साखळते, त्याची खपली धरते आणि रक्तस्राव थांबतो. वाहणे आणि साखळणे हे रक्ताचे दोन्ही धर्म आपल्याला उपकारक आहेत. परंतु जेथे रक्ताने वाहत राहावयाचे, त्या रक्तवाहिनीच्या आतच ते साखळले, तर मात्र मोठा अनर्थ ओढवतो. पायाच्या शिरेत बसलेली अशी एखादी गुठळी सुटून थेट फुप्फुसापर्यंत जाऊ शकते आणि धडधाकट दिसणाऱ्या मनुष्याचा काही क्षणांत अंत होऊ शकतो. शेकडो वर्षे वैद्यांना ह्या आकस्मिक मृत्यूचे कारण कळत नव्हते. ते ज्यांनी शोधून काढले, त्या जर्मन डॉक्टरांचे नाव रुडॉल्फ फिरखो.

रुडॉल्फ फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशिया देशाच्या पोमेरेनिया प्रांतात शीफेलबाइन नावाच्या लहानशा गावी झाला. हे गाव आता पोलंड देशात असून त्याचे नाव श्वीडविन असे आहे. रुडॉल्फचे वडील शेती करीत आणि गावाच्या खजिनदाराचे कामही पाहत. घरची स्थिती बेताचीच होती. आईबापांचा हा एकुलता एक मुलगा. त्याला लहानपणापासून वाचनाचा नाद होता आणि निरनिराळ्या भाषा शिकण्याची हौस होती. शेतात उगवणारी रोपे, रानातील कीटक, जमिनीत सापडणाऱ्या जुन्या वस्तू ह्या सर्वांविषयी त्याला कुतूहल वाटे. शालेय शिक्षण संपविताना त्याने जो निबंध लिहिला, त्याचा विषय, कष्टाचे जीवन हा भार नसून ते एक वरदान आहे, असा होता. पुढील आयुष्यात ह्या निबंधातील विचार त्याने अक्षरशः आचरून दाखविला.

वैद्यकाचे शिक्षण त्या काळीही खर्चाचे होते. रुडॉल्फच्या वडिलांना तो खर्च झेपण्यासारखा नव्हता. परंतु बर्लिन येथे सैन्यासाठी डॉक्टर तयार करणारी एक संस्था होती आणि तेथे हुशार मुलांना विनामूल्य शिकविले जाई. १८३९ साली रुडॉल्फने त्या संस्थेत प्रवेश मिळविला. प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर हे तेथे त्याचे गुरू होते. प्रत्यक्ष पाहावे, मोजावे, पारखावे आणि मगच बोलावे, ही सवय त्याला ह्या गुरूंपासून लागली. १८४३ साली तो डॉक्टर झाला आणि बर्लिनच्या शारिटे नावाच्या मोठ्या रुग्णालयात काम करू लागला.

तेथे फिरखो यांच्याकडे शवविच्छेदनाचे काम आले. मृत्यूनंतर शरीर उघडून, आतील कोणता अवयव कशाने बिघडला होता, हे पाहण्याचे हे काम. पुष्कळांना ते किळसवाणे वाटे. परंतु फिरखो यांची अशी श्रद्धा होती की, मेलेल्या माणसाच्या शरीरात रोगाने आपली कथा लिहून ठेवलेली असते, आणि ती जो नीट वाचील त्याला जिवंत माणसे वाचविता येतील. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र होते, तीक्ष्ण दृष्टी होती आणि अपार चिकाटी होती. १८४५ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी रक्तातील श्वेत पेशी बेसुमार वाढणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. ह्या रोगास पुढे त्यांनीच ल्यूकेमिया हे नाव दिले. आज जगभर तो ह्याच नावाने ओळखला जातो.

त्याच सुमारास त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना एका अवघड प्रश्नाचा अभ्यास करण्यास सांगितले. शिरांना सूज येणे हा तो विषय. त्या काळी फ्रान्समधील क्रुव्हेल्ये नावाच्या थोर वैद्यांचे मत सर्वत्र प्रमाण मानले जाई. बहुतेक साऱ्या रोगांचे मूळ शिरांच्या सुजेत असते, असे ते मत होते. शवविच्छेदन करताना फुप्फुसाच्या रोहिणीत रक्ताच्या गुठळ्या आढळत, तेव्हा त्या तेथल्या तेथेच निर्माण झाल्या असाव्यात, अशी वैद्यांची समजूत असे.

फिरखो यांनी ही समजूत गृहीत धरली नाही. फुप्फुसात गुठळी आढळली की ते तेवढ्यावर थांबत नसत. ते त्या मृताच्या पायांच्या शिराही उघडून पाहत. तेव्हा त्यांच्या वारंवार असे ध्यानात येऊ लागले की, फुप्फुसात गुठळी असते तेव्हा पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरांतही पुष्कळदा गुठळ्या असतात. इतकेच नव्हे, तर फुप्फुसातील गुठळीचे टोक शिरेतील गुठळीच्या तुटलेल्या टोकाशी कधीकधी तंतोतंत जुळते. मोडलेल्या काठीचे दोन तुकडे जुळवून पाहावेत, तसाच हा प्रकार होता. मग दुसरा तुकडा पायातून फुप्फुसात गेला कसा?

ह्याचे उत्तर रक्ताच्या मार्गातच होते. पायांतील रक्त शिरांवाटे वर चढते आणि हृदयाच्या उजव्या भागात येते. तेथून ते फुप्फुसात जाते. शिरा हृदयाच्या दिशेने रुंद होत जातात, त्यामुळे सुटलेली गुठळी वाटेत कोठे अडत नाही. हृदयातूनही ती सहज पार होते. परंतु फुप्फुसातील वाहिन्या पुढे पुढे अरुंद होत जातात. तेथे ती बुचासारखी अडकते. मग त्या वाहिनीतून होणारा रक्ताचा पुरवठा बंद पडतो. गुठळी मोठी असेल तर हृदयाला रक्त पुढे लोटता येत नाही आणि मनुष्य दगावतो.

तर्क पटण्यासारखा होता, परंतु फिरखो यांना केवळ तर्काने समाधान नव्हते. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. मानेतील शिरेत रबराचे, मांसाचे आणि साखळलेल्या रक्ताचे लहान लहान तुकडे सोडून ते पुढे कोठे जातात, ह्याचा त्यांनी शोध घेतला. ते तुकडे त्यांना फुप्फुसाच्या रोहिणीतच सापडले. आता शंकेला जागा उरली नाही. १८४६ साली त्यांनी फुप्फुसाच्या रोहिणीत अडथळा कसा निर्माण होतो ह्यासंबंधीचा आपला लेख प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीसही पूर्ण नव्हते.

ह्या घटनेस नावे हवी होती. रक्तवाहिनीच्या आत रक्त साखळण्याच्या क्रियेस त्यांनी थ्रॉम्बोसिस म्हटले. थ्रॉम्बस ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ गुठळी असा आहे. ती गुठळी सुटून रक्ताबरोबर वाहत जाते आणि दूर कोठे तरी अडकून बसते, ह्या क्रियेस त्यांनी एम्बोलिया असे नाव दिले. मराठी ग्रंथांत ह्या दोन क्रियांना अंतर्क्लथन आणि अंतर्कीलन असे शब्द योजिले आहेत. १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फिरखो यांनी ह्या विषयाचे सविस्तर विवेचन केले. रक्तवाहिनीत रक्त का साखळते, ह्याची तीन कारणे आजचे डॉक्टर सांगतात. रक्ताचा प्रवाह मंदावणे हे पहिले, रक्तवाहिनीच्या आतील अस्तरास इजा होणे हे दुसरे आणि रक्ताच्या घटकांत बदल होऊन ते अधिक लवकर साखळू लागणे हे तिसरे. ह्या तिहींस फिरखोंचे त्रिक म्हणतात. हे नाव त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी रूढ झाले. तथापि त्याचा पाया त्यांच्या ह्या संशोधनात होता, म्हणूनच ते त्यांच्या नावाशी जोडले गेले.

एवढे संशोधन करणारा तरुण डॉक्टर प्रयोगशाळेतच रमून गेला असता, तर ते स्वाभाविक ठरले असते. परंतु १८४८ साली अशी एक घटना घडली की तिने फिरखो यांच्या आयुष्यास निराळे वळण दिले. प्रशियाच्या अप्पर सायलिशिया प्रांतात प्रलापक सन्निपात ज्वराची भयंकर साथ पसरली. हजारो माणसे मरू लागली. वृत्तपत्रांनी ओरड केली, तेव्हा सरकारने चौकशीसाठी डॉक्टर पाठविले. त्यांत फिरखो होते.

फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत ते तेथे पोहोचले. तेथील प्रजा बहुतेक पोलिश भाषा बोलणारी. शेतकरी आणि विणकर अत्यंत दरिद्री होते. पिके बुडाल्यामुळे दुष्काळ पडला होता. एकेका लहान, कोंदट झोपडीत अनेक माणसे दाटीने राहत होती. पोटात अन्न नाही, अंगावर धड वस्त्र नाही, गावाला रस्ता नाही, मुलांना शाळा नाही, अशी त्यांची अवस्था होती. अधिकारी जर्मन भाषेत बोलत, ती ह्या लोकांना कळत नसे. फिरखो सुमारे तीन आठवडे घरोघर हिंडले. रोग्यांची लक्षणे त्यांनी टिपलीच, पण त्यांचे अन्न, त्यांची घरे, त्यांची मिळकत आणि त्यांचे अज्ञान ह्यांचीही नोंद केली.

त्यांचा अहवाल वाचून सरकार चकित झाले आणि रुष्टही झाले. अधिक औषधे पाठवा, एवढेच सांगणारा अहवाल अपेक्षित होता. परंतु फिरखो यांनी लिहिले ते वेगळेच होते. ह्या लोकांना त्यांच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे, रस्ते बांधावेत, शेती सुधारावी, गरिबांवरील करांचा बोजा कमी करावा आणि लोकांना आपला कारभार आपण पाहण्याचा अधिकार द्यावा, अशा त्यांच्या सूचना होत्या. साथीचे खरे मूळ दारिद्र्यात आणि अज्ञानात आहे. ते उपटून काढल्याशिवाय औषधांचा उपयोग तात्पुरताच होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. आजार हा केवळ एका शरीराचा प्रश्न नसून तो साऱ्या समाजाचा प्रश्न असतो, हे सत्य त्यांनी निर्भयपणे सांगितले.

ते बर्लिनला परतले आणि थोड्याच दिवसांत तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटला. फिरखो लोकांच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी वैद्यकीय सुधारणांचा पुरस्कार करणारे एक साप्ताहिकही काढले. क्रांती फसली आणि सरकारने विरोधकांवर हात उगारला. १८४९ साली फिरखो यांना आपल्या रुग्णालयातील जागेस मुकावे लागले. वय सत्तावीस वर्षांचे, नाव झालेले, पण हाती असलेली जागा गेली. सरकारची क्षमा मागून आणि तोंड बंद ठेवून त्यांना कदाचित ती जागा टिकविता आली असती. परंतु जे डोळ्यांनी पाहिले ते नाकारणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

सुदैवाने बव्हेरियातील वुर्ट्सबुर्ग येथील विद्यापीठाने त्यांना बोलावून प्राध्यापक नेमले. तेथे त्यांनी सात वर्षे शांतपणे काम केले. १८५० साली त्यांचा विवाह झाला. दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले. आपल्या शिष्यांनी पाठांतर न करता सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. अखेर १८५६ साली, ज्या बर्लिनने त्यांना दूर केले होते, त्याच बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलाविले. त्यांच्यासाठी विकृतिशास्त्राची नवी संस्था उभारण्यात आली.

तेथे १८५८ साली त्यांनी वीस व्याख्याने दिली. ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे, प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते आणि रोग म्हणजे ह्या पेशींतील बिघाड होय, हा सिद्धांत त्यांनी त्या व्याख्यानांत मांडला. रॉबर्ट रेमाक ह्या शास्त्रज्ञांनी पेशीपासून पेशी होते हे आधीच दाखविले होते. परंतु रोगाच्या अभ्यासाला ह्या सिद्धांताची जोड देऊन तो सर्वमान्य करण्याचे श्रेय फिरखो यांचे आहे. शरीरातील चार द्रवांचा समतोल बिघडल्याने रोग होतो, ही हजारो वर्षांची समजूत ह्यापुढे टिकली नाही.

विद्यापीठात मान मिळाला म्हणून फिरखो यांनी लोकांकडे पाठ फिरविली नाही. १८५९ साली ते बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आले आणि मरेपर्यंत त्यांनी नगरसेवा केली. त्या काळी बर्लिन शहराची घाण रस्त्यांच्या कडेच्या उघड्या गटारांतून वाहत असे. विषमज्वर आणि पटकी ह्यांचे तेथे नित्य थैमान असे. फिरखो यांनी ह्या प्रश्नाचा सांगोपांग अभ्यास केला. जेम्स होब्रेख्ट ह्या कुशल स्थापत्यविशारदाची योजना त्यांनी उचलून धरली आणि १८७३ पासून जमिनीखालून बंद गटारे बांधण्याचे काम सुरू झाले. सांडपाणी शहराबाहेरच्या शेतजमिनींवर नेऊन सोडण्यात आले. नवी सार्वजनिक रुग्णालये बांधवून घेण्यातही त्यांचा पुढाकार होता. डुकराच्या मांसातून एक प्रकारचा जंत माणसाच्या शरीरात जातो असे आढळून आले, तेव्हा विक्रीपूर्वी मांसाची तपासणी झालीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला.

संसदेतही ते निवडून गेले. तेथे बिस्मार्क ह्या बलाढ्य मुख्य प्रधानांना त्यांनी सैन्याच्या खर्चावरून वारंवार अडविले. १८६५ साली संतापलेल्या बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखो यांनी ते स्वीकारले नाही. वादाचा निकाल शस्त्रांनी लागत नसतो, ह्याविषयी त्यांची पूर्ण खात्री होती. सामान्य लोकांस शास्त्राचे ज्ञान सोप्या भाषेत मिळावे, म्हणून १८६६ पासून त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर सुबोध शास्त्रीय व्याख्यानांची पुस्तकमाला संपादित केली. शास्त्रज्ञांनी मिळविलेले ज्ञान शेवटी ज्यांच्या आरोग्यासाठी ते आहे त्या लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. मानवजातीच्या अभ्यासाचीही त्यांना गोडी होती. जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि त्वचेचा रंग त्यांनी नोंदवून घेतला आणि शुद्ध वंशाची कल्पना वस्तुस्थितीला धरून नाही, हे दाखवून दिले.

थोर पुरुषांच्या हातूनही चुका होतात आणि फिरखो ह्याला अपवाद नव्हते. व्हिएन्नाच्या सेमेलवाइस ह्या डॉक्टरांनी १८४७ साली असे दाखविले होते की, डॉक्टरांनी रुग्णाला हात लावण्यापूर्वी ते क्लोरीनयुक्त पाण्याने धुतले, तर बाळंतिणींचे मृत्यू पुष्कळ कमी होतात. फिरखो यांनी हे मत मान्य केले नाही. त्यांच्या शब्दाला मोठे वजन असल्यामुळे सेमेलवाइस यांचा मार्ग अधिकच खडतर झाला. सूक्ष्म जंतूंमुळे रोग होतात ह्या सिद्धांताकडेही ते दीर्घकाळ साशंकतेने पाहत राहिले. ज्यांनी क्रुव्हेल्ये यांच्या अधिकाराला न भिता त्यांचे मत पारखून घेतले, त्यांचाच अधिकार पुढे दुसऱ्यांच्या सत्याच्या आड आला. शास्त्रात कोणाचेही नाव पुराव्याहून मोठे नसते, हा धडा त्यांच्या यशातून मिळतो, तसाच त्यांच्या चुकीतूनही मिळतो.

१९०१ साली त्यांचा ऐंशीवा वाढदिवस मोठ्या थाटाने साजरा झाला. त्या वयातही ते नियमाने काम करीत. १९०२ च्या जानेवारीत एके दिवशी ते चालत्या ट्राममधून खाली उतरले आणि पडले. त्यांच्या मांडीचे हाड मोडले. आयुष्यभर क्षणाचीही विश्रांती न घेतलेल्या ह्या वृद्ध पुरुषास अंथरुणास खिळून राहावे लागले. त्यानंतर त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे देहावसान झाले. बर्लिन नगरीने त्यांना सार्वजनिक सन्मानाने निरोप दिला.

फिरखो यांनी दाखविलेल्या वाटेने पुढील संशोधक चालत गेले. १९१६ साली अमेरिकेत जे मक्लीन ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यास रक्त साखळू न देणारे एक द्रव्य सापडले. त्यातूनच हेपारिन हे औषध पुढे आले आणि असंख्य रुग्णांचे प्राण वाचले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णास कित्येक आठवडे निजवून ठेवण्याची जुनी पद्धत विसाव्या शतकात मागे पडली आणि डॉक्टर त्याला लवकर उठवून चालवू लागले.

आपल्या मुंबईतही ह्या शोधाचा एक दुवा आहे. मुंबईच्या पूर्वेस, खाडीच्या काठी, ट्रॉम्बे हे ठिकाण आहे. तेथील कोळी लोकांची वस्ती जुनी आहे. ह्याच ट्रॉम्बे येथे डॉ. होमी भाभा यांच्या प्रेरणेने ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तेथील संस्थेस १९६७ साली भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. अणुभट्ट्यांत वीज किंवा संशोधनाची साधनेच तेवढी निर्माण होतात असे नाही. रोगनिदानासाठी लागणारी किरणोत्सर्गी द्रव्येही तेथे तयार करता येतात. ट्रॉम्बेच्या भट्ट्यांत तशी द्रव्ये तयार होत आली आहेत, आणि त्यांचा रुग्णांसाठी उपयोग करण्यास १९६३ साली परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले.

फुप्फुसात गुठळी अडकली आहे काय, हे पाहण्यासाठी डॉक्टर टेक्नेशियम नावाच्या अशाच एका किरणोत्सर्गी द्रव्याचा उपयोग करतात. ते अतिशय सूक्ष्म कणांना जोडून हाताच्या शिरेत टोचले जाते. ते कण रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या भागात जातात आणि तेथून फुप्फुसात पोहोचतात. जेथे रक्त पोहोचते तेथे कण पोहोचतात आणि त्यांचे किरण यंत्रावर दिसतात. जेथे गुठळीने वाट अडविली असेल, तेथे रिकामी जागा दिसते. शिरेतून फुप्फुसाकडे जाणारी जी वाट फिरखो यांनी रबराचे तुकडे सोडून शोधली, त्याच वाटेने हे कण जातात. आता मात्र त्यासाठी रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही. तो जिवंत असतानाच त्याचा रोग ओळखून उपाय करता येतो.

तथापि रोग ओळखण्यापेक्षा तो टाळणे केव्हाही श्रेयस्कर, आणि त्यासाठी प्रत्येक घरात थोडे ज्ञान असणे आवश्यक आहे. मोठी शस्त्रक्रिया, हाड मोडणे, बाळंतपण किंवा दीर्घ आजार ह्यांमुळे मनुष्य दिवसचे दिवस पडून राहिला, तर त्याच्या पायांतील रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. विमानाच्या किंवा मोटारीच्या लांबच्या प्रवासात तासन्‌तास एकाच जागी बसल्यानेही असे होऊ शकते. म्हणून प्रवासात अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी पावले वरखाली हलवावीत आणि पाणी पुरेसे प्यावे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतील रक्त वर लोटतात. पायांना निसर्गाने दिलेला हा जणू दुसरा पंपच आहे. शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर डॉक्टरांनी चालावयास सांगितले, तर कंटाळा करू नये. तंबाखू आणि धूम्रपान ह्यांपासून दूर राहावे.

एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तापला किंवा लाल झाला, तर ते साधे दुखणे समजू नये. आपल्याकडे दुखरा पाय तेल लावून चोळण्याची चाल आहे. परंतु आत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटण्याची भीती असते. म्हणून असा पाय न चोळता डॉक्टरांना दाखवावा. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. वेळेवर उपचार मिळाले, तर पुष्कळ रुग्ण बरे होतात. तुमच्या आजोबांना किंवा आजीला ह्या गोष्टी ठाऊक नसतील, तर त्या तुम्ही त्यांना समजावून सांगू शकता.

२०१४ पासून दर वर्षी १३ ऑक्टोबर हा दिवस जगभर जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. रक्ताच्या गुठळीचा धोका आणि तो टाळण्याचे उपाय लोकांना त्या दिवशी मुद्दाम समजावून सांगितले जातात. त्यासाठी फिरखो यांचा जन्मदिवस निवडला गेला, हे सर्वथा योग्यच झाले. कारण रोगाचे कारण शोधून काढल्याने डॉक्टरचे अर्धेच काम होते. ते ज्ञान लोकांच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविणे हे उरलेले अर्धे काम होय. फिरखो यांनी ही दोन्ही कामे आपली मानली आणि आयुष्यभर निष्ठेने केली.